ऑलिंपियाची माती : ग्रीसमधले पाच दिवस

माझे वडील कऱ्हाड तालुक्यातल्या यात्रांच्या फडांत कुस्त्या करत आणि मी स्वतः 31 वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. ऑलिंपिक स्पर्धांचा इतिहास सांगताना दर वर्षी फळ्यावर 'इ. स. पूर्व 776, ऑलिंपिया' असे लिहीत असे. ते ठिकाण आपण कधी पाहू असे मात्र कधी मनात आले नव्हते. निवृत्तीनंतर जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने, "बाबा, एकच ठिकाण निवडायचे तर कुठे जायचे?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर शोधावे लागले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी मुंबईहून आणि ती तिकडून, असे आम्ही दोघे अथेन्सला भेटलो. व्हिसा, विमान आणि मुक्काम यांबाबत काही अडले नाही. व्हिसासाठी भेटीची वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे जाणाऱ्यांनी दोन-तीन महिने आधी तयारीला लागावे, एवढेच सांगतो.

पहिला दिवस : अथेन्सचे संगमरवरी स्टेडियम

अथेन्समध्ये आम्ही एकच दिवस ठेवला होता आणि त्यातली सगळी दुपार पॅनाथेनाइक स्टेडियमला दिली. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत घोड्याच्या नालेच्या आकाराचे हे स्टेडियम इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्रथम बांधले गेले, दुसऱ्या शतकात हेरोडीस ॲटिकस या धनाढ्य गृहस्थाने ते पेंटेली डोंगराच्या संगमरवराने मढवले आणि 1896 साली पहिल्या आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा इथेच झाल्या. त्या वेळी मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुइस हा अथेन्सजवळच्या मारूसी गावचा पाणी वाहणारा माणूस होता. ही गोष्ट मी वर्गात असंख्य वेळा सांगितली आहे, आणि तो ज्या उघड्या टोकातून आत शिरला असेल तिथे उभे राहून समोरच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांकडे पाहताना ती मला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसली.

तरीही खरे सांगायचे तर तिथे माझे मन पूर्ण भरले नाही. सगळीकडे दगडच दगड, तोही घासून लखलखीत केलेला, आणि पायाखाली काळसर रंगाची आधुनिक धावपट्टी. मुलीला मी म्हणालो, "इथे माती कुठे दिसत नाही." ती म्हणाली, "उद्यापासून मातीच आहे."

संध्याकाळी प्लाका भागातल्या एका खानावळीत शाकाहारी माणसाच्या फार उपयोगाची एक गोष्ट कळली. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरच्या आधी सुमारे चाळीस दिवसांहून अधिक काळ उपवास पाळतात आणि त्या काळात मांस, अंडी, दूधदुभते वर्ज्य असते. अशा जेवणाला 'निस्तिसिमो' म्हणतात. एवढा एक शब्द उच्चारला की वाढणाऱ्याला सगळे समजते आणि टपोऱ्या पांढऱ्या पावट्यांची टोमॅटोतली भाजी, भात भरलेली द्राक्षाची पाने, लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी, पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, असे पदार्थ पुढे येतात. कोळंबी आणि ऑक्टोपस मात्र त्यांच्या उपवासाला चालतात, त्यामुळे तेवढे वगळायला आधीच सांगावे.

दुसरा दिवस : नेमिया, आणि डोंगरातला खोळंबा

सकाळी भाड्याची मोटार घेऊन निघालो. मुलीकडे परवाना होता आणि उजव्या बाजूने चालवण्याची तिला सवय होती. कॉरिंथचा कालवा वाटेतच लागतो. 1893 साली खुला झालेला सहा किलोमीटरहून थोडा लांब असा हा कालवा पुलावरून पाहिला तर सरळ खाली सुरीने कापल्यासारखा दिसतो. दहा मिनिटे थांबून पुढे गेलो.

नेमिया हे प्राचीन ग्रीसमधल्या चार सर्वग्रीक क्रीडास्थळांपैकी एक. ऑलिंपिया, डेल्फी आणि कॉरिंथजवळची इस्थमिया ही बाकीची तीन. ऑफेल्टीस नावाच्या तान्ह्या राजपुत्राला दाईने जमिनीवर ठेवले, तिथे त्याला सर्पाने मारले आणि त्याच्या स्मरणार्थ या स्पर्धा सुरू झाल्या, अशी कथा आहे. म्हणून इथले पंच काळे कपडे घालत आणि विजेत्याला रानटी सेलरीच्या पानांचा मुकुट मिळे. झ्यूसच्या देवळाचे तीन खांब मात्र प्राचीन काळापासून कधीही न पडता उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी आता आणखी सहा खांब मूळच्याच दगडांतून पुन्हा रचून उभे केले आहेत.

देवळापासून थोडे दूर टेकडीच्या कुशीत स्टेडियम आहे. त्या वेळी तिथे आमच्याशिवाय केवळ एक फ्रेंच जोडपे होते. खेळाडू जिथे कपडे उतरवून अंगाला तेल लावत त्या खोलीच्या अवशेषांतून आपण एका दगडी बोगद्यात शिरतो. हा बोगदा 36 मीटर लांब असून इ. स. पूर्व 320 च्या सुमारास बांधलेला आहे. आत थंडावा आणि ओलसर वास होता. मुलीने मोबाइलचा उजेड तिरपा धरला तेव्हा भिंतीवर खरवडलेली अक्षरे उठून दिसली. आपला क्रमांक येईपर्यंत आत थांबलेल्या खेळाडूंनी ती लिहिलेली आहेत. एकाने 'मी जिंकतो' असे लिहिले आहे. दुसऱ्या जागी 'अक्रोटाटोस देखणा आहे' असे असून त्याच्यापुढे वेगळ्या हाताने 'लिहिणाऱ्याला वाटतो' अशा अर्थाचे शब्द जोडलेले आहेत. शाळेच्या बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावे मी आयुष्यभर पाहत आलो, मुलांना त्यासाठी रागावतही आलो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या पोरांचे तेच उद्योग पाहून मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिलो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने प्राध्यापक स्टीफन मिलर यांच्या नेतृत्वाखाली 1970 च्या दशकात इथे उत्खनन हाती घेतले. 1996 पासून तिथे सर्वसामान्य माणसांसाठी स्पर्धा भरवल्या जातात. त्यात कोणीही अनवाणी, अंगात साधा सदरा घालून धावू शकतो, लहान मुलांपासून आजोबांपर्यंत. आमचा दौरा त्या सुमारास जुळला नाही याची मला खंत आहे. ज्यांना जमेल त्यांनी त्यांची तारीख पाहूनच प्रवास ठरवावा.

नेमियाहून ट्रिपोलीमार्गे डोंगरातून ऑलिंपियाला जायचे आम्ही ठरवले होते. समुद्राकाठचा महामार्ग सोपा आहे, परंतु डोंगरातला रस्ता फार सुंदर आहे असे ऐकले होते, आणि तो आहेच. विटिनाच्या आसपास देवदारासारखी फरची झाडे, त्यांच्यावर पोसलेल्या मधाच्या बाटल्या मांडलेली दुकाने आणि दूरच्या माथ्यांवर उरलेले बर्फ दिसत होते. त्यापुढे लांगादिया गावाच्या अलीकडे गाडीचे मागचे चाक बसले. डिकी उघडून पाहतो तर स्टेपनी नव्हतीच. फेस भरायची एक बाटली तेवढी होती आणि टायर कडेने फाटल्यामुळे तिचा उपयोग झाला नाही. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचा दूरध्वनी कोणी उचलेना. गाडी ताब्यात घेताना तिच्या काचा-पत्र्याचे फोटो काढतो तसे डिकीतही डोकावून स्टेपनी आणि जॅक आहे की नाही हे पाहून घ्यावे, हा धडा आम्हाला साडेतीन तास थांबून मिळाला.

त्या साडेतीन तासांचा मला मात्र पश्चात्ताप नाही. गाव इतक्या उभ्या उतारावर वसले आहे की एका घराच्या अंगणात उभे राहिले की खालच्या घराचे कौलारू छप्पर पायाशी येते. चौकातल्या कॉफीच्या दुकानदाराने आपल्या मेव्हण्याला फोन लावला, मेव्हणा खालच्या गावातून टायर घेऊन येईपर्यंत आम्हाला आत शेगडीजवळ बसवले आणि न मागता पांढऱ्या घेवड्याचे गरम सूप, पाव आणि जैतुनाची लोणची पुढे ठेवली. तिथे बसलेल्या एका वृद्धांनी सांगितले, आणि दुकानदाराने त्याचे इंग्रजी केले, की लांगादियाचे गवंडी एके काळी सगळ्या पेलोपोनीजमध्ये घरे, देवळे आणि पूल बांधत हिंडायचे. "आमच्या वडिलांनी बांधलेला पूल अजून हलला नाही," असे सांगताना त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून दगडावर दगड कसा बसतो ते दाखवले. शेवटी एक गोड पदार्थ आला. रवा तेलावर भाजून साखरेच्या पाकात शिजवलेला आणि वर दालचिनी पेरलेला. नाव विचारले तर 'हलवा' म्हणाले. मी आमच्याकडच्या शिऱ्याची कृती सांगितली, तेव्हा दुकानदाराच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तुपाचे प्रमाण दोनदा विचारून घेतले.

ऑलिंपियाला पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. संत्र्याच्या मोहराचा वास गाडीच्या काचा खाली करताच आत आला.

तिसरा दिवस : ऑलिंपिया

आठ वाजता दार उघडते तेव्हाच आत शिरावे, हे मी आग्रहाने सांगतो. दहाच्या पुढे बंदरावर लागलेल्या मोठ्या जहाजांवरून बसगाड्या भरून माणसे येऊ लागतात. एकाच तिकिटात उत्खननस्थळ आणि संग्रहालये पाहता येतात, म्हणून तिकीट जपून ठेवावे. हिवाळ्यात वेळ बरीच कमी असते, ती आधी पाहून घ्यावी. सावली आहे, परंतु आतमध्ये खाण्यापिण्याची सोय जवळजवळ नाही, म्हणून पाणी सोबत असावे.

सकाळी अल्फिओस नदीवरचे धुके अजून विरले नव्हते. अल्फिओस आणि क्लॅडिओस या नद्यांच्या संगमावर, क्रोनिओस नावाच्या झाडीभरल्या टेकडीच्या पायथ्याशी हे ठिकाण आहे. संगम, टेकडी, देवराई आणि देऊळ अशी ही मांडणी पाहिली की कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाकाठी वाढलेल्या माणसाला परके काहीच वाटत नाही. एप्रिल असल्यामुळे ज्यूडासची झाडे फुलली होती. हे आपल्या कांचनाच्या कुळातले झाड. पाने यायच्या आधी त्याच्या फांद्यांवरच नव्हे, खोडावरही थेट गुलाबी-जांभळी फुले फुटतात.

वाट प्रथम व्यायामशाळा आणि पॅलेस्ट्रा यांच्यामधून जाते. पॅलेस्ट्रा म्हणजे तालीम. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या या चौकोनी वास्तूत मध्ये मोकळे अंगण, चहूबाजूंनी खांबांची ओसरी आणि तिच्या मागे खोल्या आहेत. एका खोलीत अंगाला ऑलिव्हचे तेल चोळायचे, एकीत वर धूळ उधळून घ्यायची, खेळून झाल्यावर वाकड्या धातूच्या पट्टीने ते सगळे खरवडून काढायचे आणि मग आंघोळ करायची, असा त्यांचा क्रम होता. कुस्ती खणून भुसभुशीत केलेल्या मातीत होई आणि प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडणारा जिंकत असे. आमच्या तालमीत तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, कापूर घालून हौदा मऊ ठेवत, वस्ताद काठावर बसून डाव सांगत आणि हौद्यात उतरण्याआधी पैलवान चिमूटभर माती उचलून कपाळाला लावत. वडिलांचा हात त्या वेळी कसा खाली जायचा आणि कसा वर यायचा, हे मला अजून जसेच्या तसे दिसते. त्या अंगणात गवत वाढले आहे आणि गवतात कॅमोमाइलची पांढरी फुले. मुलगी पुढे गेली. मी ओसरीच्या जोत्यावर जरा वेळ बसलो.

झ्यूसचे देऊळ ही या स्थळाची मध्यवर्ती वास्तू. एलिसच्या लिबॉन या स्थपतीने बांधलेले हे देऊळ इ. स. पूर्व 457 च्या सुमारास पूर्ण झाले. सहाव्या शतकातल्या भूकंपांत त्याचे दहा मीटरहून उंच खांब कोसळले आणि त्यांचे गोल तुकडे आजही एकमेकांवर रेललेल्या प्रचंड जात्यांच्या तळ्यांसारखे ओळीने पडले आहेत. एक खांब 2004 साली पुन्हा उभा केला आहे. मी एका तुकड्याशी अगदी जवळ वाकून पाहिले. दगडात शिंपल्यांचे तुकडे खच्चून भरलेले दिसतात, काहींच्या कडांवरच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. असा खडबडीत दगड झाकण्यासाठी त्यावर पांढऱ्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा दिलेला होता. आत सोन्याची आणि हस्तिदंताची बारा मीटरहून उंच झ्यूसची मूर्ती होती. जगातल्या सात आश्चर्यांत गणली गेलेली ही मूर्ती फिडियासने घडवली ती त्याची कार्यशाळाही जवळच सापडली आहे.

हेराचे देऊळ यापेक्षा जुने आहे, इ. स. पूर्व 600 च्या आसपासचे. त्याचे खांब मुळात लाकडी होते आणि जसजसा एकेक खांब कुजला तसतसा त्याच्या जागी दगडी खांब बसवत गेले, त्यामुळे कोणत्याही दोन खांबांची जाडी किंवा माथा पुरता जुळत नाही. दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी इथे आला तेव्हा एक ओकचा खांब अजून शिल्लक होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. ऑलिंपिकची ज्योत याच देवळापुढच्या वेदीजवळ अंतर्वक्र आरशाने सूर्यकिरण एकवटून पेटवतात. ही प्रथा 1936 पासूनची आहे.

या सगळ्यात फिरताना एक गोष्ट मला पुनःपुन्हा जाणवत राहिली. आपण पुस्तकात याला 'स्पर्धा' म्हणतो, पण ही मुळात देवाची यात्रा होती. उन्हाळ्यात, पौर्णिमेच्या बेताने, पाच दिवस लोक या खोऱ्यात जमत. त्याआधी दूत गावोगाव जाऊन युद्धबंदीची आणि यात्रेची तिथी जाहीर करत. मधल्या दिवशी झ्यूसच्या वेदीवर शंभर बैलांचा बळी दिला जाई आणि ती वेदी दगडाची नसून जळालेल्या बळींच्या राखेची होती. अल्फिओसच्या पाण्यात कालवलेली राख थरावर थर चढून ती 22 फूट उंच झाली होती. माणसे उघड्यावर, राहुट्यांत झोपत. उकाडा, गर्दी आणि माश्या इतक्या की माश्या हटवणारा झ्यूस म्हणून त्याच्या वेगळ्या रूपाला नैवेद्य दाखवत. पुरेशा पाण्याची सोय दुसऱ्या शतकात हेरोडीस ॲटिकसने केली, म्हणजे त्याआधी जवळजवळ नऊशे वर्षे लोक तशीच तहान सोसून येत राहिले. उन्हातान्हात देवाच्या पालखीमागे आणि मग संध्याकाळी हलगीच्या तालावर कुस्त्यांच्या फडाकडे जाणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

स्टेडियमकडे जाण्याच्या वाटेवर डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची एक रांग आहे. असे सोळा चौथरे सापडले आहेत. खेळात लबाडी करणाऱ्यांकडून वसूल केलेल्या दंडातून घडवलेल्या झ्यूसच्या काशाच्या मूर्ती त्यांवर उभ्या असत. पहिल्या मूर्ती इ. स. पूर्व 388 मधल्या; थेसलीच्या युपोलोस या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली होती. ऑलिंपियात विजय पैशाने मिळत नाही, पायांच्या वेगाने आणि अंगातल्या बळाने मिळतो, अशा अर्थाचा लेख एका मूर्तीखाली होता. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला या रांगेसमोरूनच जावे लागे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गोळाफेक याच प्राचीन स्टेडियमवर घेतली गेली आणि त्या वेळी सुवर्ण मिळवलेले पुरुष आणि महिला असे दोन्ही खेळाडू पुढे उत्तेजक द्रव्यांमुळे बाद झाले. चौथऱ्यांपाशी उभे राहून मी हे मुलीला सांगितले तेव्हा तिला फार वाईट वाटले, आणि मलाही.

मग दगडी बोगदा येतो. त्याची कमान आता थोडीच शिल्लक आहे. तो ओलांडला की समोर अचानक सगळे मोकळे होते.

तिथे काहीच नाही. पायऱ्या नाहीत, खांब नाहीत. पिवळसर मातीची लांबट पट्टी आणि दोन्ही बाजूंना गवताचे उतार. चाळीस हजारांवर माणसे या उतारांवर जमिनीवर बसत किंवा उभी राहत. दगडी बैठक केवळ पंचांसाठी, दक्षिणेच्या बाजूला. तिच्यासमोर उत्तरेच्या उतारावर डिमिटर देवीची वेदी, आणि तिची पुजारीण ही एकच विवाहित स्त्री सामने पाहू शके. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोपच्या प्रवासात रोममधले प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि त्यावरून खासबाग मैदान बांधले, असे कोल्हापुरात सांगतात. मात्र खासबागेच्या उतारावर बसून जे वाटते ते मला या मातीच्या उतारावर वाटले. मध्ये माती, भोवती माणसे, आणि सगळ्यांना सगळे दिसते.

सुरुवातीच्या रेषेचे दगड जागेवर आहेत. पांढुरक्या लाद्यांत दोन समांतर खाचा कोरल्या आहेत, त्यांत वीतभर अंतर, आणि ठरावीक टप्प्यांवर खांब रोवायची चौकोनी भोके. मी बूट काढले आणि पायांची बोटे खाचांत टेकवली. एक पाऊल पुढे, दुसरे जेमतेम त्याच्या मागे. आपण मुलांना शिकवतो तसे बसून सुरुवात करणे या खाचांत शक्यच नाही. उभ्यानेच, अंग पुढे झुकवून, हात समोर ताणून निघायचे. दगड थंड होता आणि खाचेची कड हजारो पायांनी गोलसर झालेली बोटांना कळत होती. तिथून पलीकडच्या रेषेपर्यंत 192.27 मीटर. ही लांबी म्हणजेच 'स्टेडिओन', आणि आपला स्टेडियम हा शब्द तिच्यावरूनच आला आहे.

रेषेच्या पुढे वाकून मी मातीला बोटे टेकवली आणि ती कपाळाला लावली. ते पाहून उतारावरचा पहारेकरी शिट्टी वाजवत खाली आला. तिथून खडा किंवा माती उचलणे हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. त्याने मूठ उघडायला सांगितली, मी दोन्ही तळहात पुढे केले. मुलीने त्याला समजावले, "यांचे वडील पैलवान होते. आमच्याकडे मैदानात उतरण्याआधी मातीला असा नमस्कार करतात." तो क्षणभर थांबला आणि त्याने स्वतःहून हस्तांदोलन केले. त्याचे आजोबा 1960 च्या सुमारास याच उतारांच्या खोदकामावर मजूर होते. नद्यांच्या गाळाखाली सगळे मैदान कित्येक मीटर गाडले गेले होते आणि उतारांत जुन्या ढाली, शिरस्त्राणे सापडत. असे एखादे शिरस्त्राण वर आले की सगळे मजूर फावडी ठेवून गोळा होत, हे त्याने आजोबांच्या तोंडून ऐकले होते.

मग मी त्याला खाशाबा जाधवांविषयी सांगितले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यांची बैलगाड्यांमधून निघालेली मिरवणूक. माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्या गाड्यांमागे ते शेवटपर्यंत धावत गेले आणि पुढच्याच आठवड्यात तालमीत जाऊ लागले. पहारेकऱ्याने बैलगाड्या किती होत्या ते विचारले. शंभराहून अधिक, असे वडील सांगत. त्यावर तो म्हणाला की सिसिलीतल्या ॲक्रागास गावचा एक धावपटू इथे जिंकून परतला तेव्हा पांढऱ्या घोड्यांचे तीनशे रथ त्याला आणायला वेशीबाहेर गेले होते. इ. स. पूर्व 412 मधली ही हकिकत मलाही ठाऊक होती, पण कऱ्हाडच्या बैलगाड्यांच्या शेजारी ठेवून मी ती कधी पाहिली नव्हती.

चौथा दिवस : संग्रहालय आणि पाऊस

रात्रीपासून पाऊस लागला होता, म्हणून दिवस संग्रहालयात घालवला. देवळाच्या दर्शनी त्रिकोणांतली शिल्पे, पायोनिओसची वाऱ्यात उतरणारी विजयदेवता आणि 1877 साली हेराच्या देवळात सापडलेला हर्मीस यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तीन लहान वस्तूंपाशी सर्वांत जास्त थांबलो. एक म्हणजे फिडियासच्या कार्यशाळेत मिळालेला साधा काळा मातीचा पेला. त्याच्या तळावर 'मी फिडियासचा आहे' असे कोरले आहे. दुसरी, लांब उडी मारताना हातांत धरायची दगडी वजने, ज्यांत बोटे बसतील असे खळगे आहेत. तिसरी म्हणजे 143 किलोंहून जड असा वाळूच्या दगडाचा एक धोंडा. बायबॉनने आपल्याला एका हाताने डोक्यावरून फेकले, असे त्या धोंड्यावरच लिहिले आहे. गावच्या देवळापुढे असलेला, उचलणाऱ्याची नावे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात तो गोटा आठवला. आमच्या गोट्यावर मात्र कोणी नाव कोरलेले नाही.

विजेत्याला इथे काय मिळे, तर रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट. ती डहाळी सोन्याच्या कोयत्याने कापायची आणि कापणाऱ्या मुलाचे आई-वडील दोघेही हयात असले पाहिजेत, असा नियम होता. मुक्कामाच्या घरच्या बाईंना हे सांगितले तर त्यांनी अंगणातल्या ऑलिव्हकडे बोट दाखवून विचारले, "तुमच्याकडेही अशा गोष्टी पाळतात का?" मी सवाष्णींविषयी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि मुलीच्या ताटात आणखी एक चमचा रानभाजी वाढली.

संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा अल्फिओसच्या काठापर्यंत चालत गेलो. रथशर्यतींचे मैदान याच बाजूला होते. आज तिथे शेते आहेत. किनिस्का ही स्पार्टाची राजकन्या इ. स. पूर्व 396 मध्ये इथे विजेती ठरली, कारण चार घोड्यांच्या शर्यतीत विजय रथाच्या मालकाचा मानत. स्वतः मात्र तिला मैदानात पाऊल टाकता आले नसते. आपला मुलगा खेळणार म्हणून पुरुषाच्या वेशात आत शिरलेल्या कॅलिपातेइराची गोष्ट मी मुलीला तिच्या लहानपणी सांगितली होती. पकडली गेलेली ती आई तिच्या घराण्यातल्या विजेत्यांमुळे शिक्षेतून वाचली. मुलीला ती गोष्ट सबंध आठवत होती.

पाचवा दिवस : सकाळचे आठ

विमान रात्रीचे होते आणि अथेन्सला जाण्यासाठी या वेळी आम्ही किनाऱ्याचा महामार्ग धरणार होतो. चार-साडेचार तासांचा हा प्रवास सकाळी दहाला निघूनही आरामात होतो. म्हणून आठ वाजता पुन्हा दारात हजर झालो, नवे तिकीट काढले आणि कुठेही न थांबता थेट स्टेडियमवर गेलो. ओल्या मातीचा वास होता. एका ग्रीक शाळेची सहल आमच्या मागोमाग आली. बाईंनी मुला-मुलींना रेषेवर उभे केले, हात वर केला आणि सगळी चिल्लीपिल्ली आरडाओरडा करत पळत सुटली.

ती परतल्यावर माझ्या मुलीने जाकीट काढून माझ्याकडे दिले. मी पलीकडच्या रेषेवर जाऊन उभा राहिलो. 31 वर्षे वापरलेले घड्याळ मी मुद्दाम सोबत आणले होते. तिने बोटे खाचेत रोवली, हात पुढे ताणले, आणि मी रुमाल खाली केला. सहलीतल्या मुली उतारावरून टाळ्या वाजवू लागल्या. पहारेकरी वरच्या कडेला उभा होता, त्याने शिट्टी वाजवली नाही.

धापा टाकत ती माझ्यापाशी येऊन थांबली. "किती, बाबा?"

"एक्केचाळीस सेकंद."

"थांबा, परत धावते," असे म्हणून ती रेषेकडे वळली, आणि मी घड्याळ पुन्हा शून्यावर आणले.